डबा बदला, नाहीतर आमचा लावू द्या
ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या इंटरनेट ग्राहकांचा जाहीरनामा

घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरपासून कोळसेवाडीतल्या चाळीपर्यंत आमची घरं एकमेकांसारखी मुळीच नाहीत, पण एक वस्तू सगळीकडे सापडते. दाराच्या वर, टीव्हीच्या मागे, नाहीतर ड्रिल मारायला जिथे सोपं गेलं तिथे प्लास्टिकचा एक डबा टांगलेला असतो. कोणी त्याला राऊटर म्हणतं, कोणी मोडेम, कोणी मशीन, आणि घरातली बाकीची मंडळी नुसतंच 'वायफाय'. तो आम्ही निवडलेला नाही. तो कोणत्या साली बनला हे आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. नवा आणला की आधीच्या ग्राहकाकडून काढून, पुसून आणला, हे पावतीवर लिहिलेलं नाही, आणि बऱ्याच जणांना पावतीच मिळालेली नाही. तरीही दर महिन्याला ज्या वेगाचे पैसे आम्ही भरतो, तो वेग याच डब्यातून आमच्यापर्यंत यायचा असतो.

आमची मागणी दोन ओळींची आहे. जो वेग विकता तो पेलणारं यंत्र द्या. देणार नसाल तर ग्राहकाला स्वतःचं यंत्र लावू द्या, आणि ते लावलं म्हणून त्याच्या तक्रारी झटकू नका. एवढंच पदरात पडावं म्हणून आम्ही ठाणे, कळवा, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण आणि टिटवाळ्यापर्यंतचे ग्राहक एकत्र येत आहोत.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू. डबा उलटा केला की मागे एक लेबल असतं. त्यावर किंवा यंत्राच्या माहितीपत्रकात तारेच्या पोर्टबद्दल '१०/१००' असं लिहिलेलं असेल, तर त्या पोर्टमधून सेकंदाला १०० मेगाबिटपेक्षा जास्त काही जाणं शक्यच नाही. प्रत्यक्षात ९४-९५ वर काटा थांबतो. तुमचा प्लॅन दीडशेचा असो, दोनशेचा असो. गच्चीवरच्या पेटीतून खाली आणलेल्या तारेतल्या आठ वायरींपैकी चारच जोडल्या असतील तरी तीच मर्यादा लागते, आणि घाईत चारच जोडण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. वायफायचं याहून वाईट. डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहा. पुष्कळदा तिथे ७२ हा आकडा दिसेल. त्या जुन्या तंत्रातल्या एका अँटेनाच्या साध्या जोडणीची ती कमाल मर्यादा आहे आणि हातात पडणारा वेग त्याहूनही बराच कमी असतो. शिवाय २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. टिळकनगरातल्या चार मजली इमारतीत सोळा घरं, प्रत्येक घरात एक डबा, आणि सगळे या तीन चॅनलांत कोंबलेले. संध्याकाळी साडेसहाच्या कल्याण लोकलमध्ये चढणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे तंत्र काल-परवाचं नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं हे 'एन' जातीचं वायफाय २००९ साली प्रमाणित झालं. पाच गिगाहर्ट्झवरचं 'एसी' २०१३-१४ मध्ये आलं, वायफाय सहाची प्रमाणपत्रं २०१९ पासून मिळू लागली. भारतात पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये परवानामुक्त झाला. म्हणजे एका पट्ट्याचाच डबा आजही नव्या जोडणीसोबत भिंतीला ठोकला जातो, तो कायदा आड येतो म्हणून नव्हे. स्वस्त पडतो म्हणून.

मग जाहिरात येते: 'त्याच पैशात दुप्पट स्पीड'. कंपनीच्या संगणकावर एक आकडा बदलतो, आमच्या मोबाइलवर अभिनंदनाचा संदेश येतो, आणि भिंतीवरचा डबा जागचा हलत नाही. फायबरमधून दोनशे आले तरी डब्यातून बाहेर पडायला वाट शंभराचीच. यातली फसवणूक इतकी साधी आहे की ती फसवणूक वाटतच नाही. लोक म्हणतात, 'आमच्या एरियात नेट स्लोच असतं.' एरियाचा यात काही दोष नाही.

तक्रार केली की काय होतं, हे आमच्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. 'राऊटर बंद करून चालू करा.' 'फोन जुना असेल.' 'भिंती जाड आहेत.' 'वरून प्रॉब्लेम आहे.' चौथ्या फोननंतर एक मुलगा येतो. बिचारा मोटरसायकलवरून शहर पालथं घालून आलेला असतो, घरात आल्यावर आधी पाणी मागतो. तो बॅगेतून लॅपटॉप काढतो, तार थेट जोडतो, वेग मोजून दाखवतो: 'बघा, ९४ येतोय.' बरं, आणि वायफायवर? वायफायवर एकवीस. 'ते आमच्याकडे नाही. लाइन ओके आहे. वायफाय तुमचं.' अहो, पण वायफायचा डबाही तुम्हीच दिलाय ना? यावर तो जरा थांबतो आणि खालच्या आवाजात खरं ते सांगतो, 'ड्युअल बँडवाला घ्या, मी लावून देतो.' किंमत? ग्राहक बघून. दुसऱ्या दिवशी संदेश येतो की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा मुलगा आमचा शत्रू नाही. त्याच्या हातात जो डबा दिला जातो तोच तो लावतो. त्याच्यावर आरडाओरडा करणाऱ्या, त्याला जिन्यात अडवून धरणाऱ्या ग्राहकाला या चळवळीत जागा नाही. आमचं भांडण त्याला तो डबा देऊन पाठवणाऱ्याशी आहे.

आणि तो पाठवणारा शोधणं सोपं नाही. जाहिरातीवर नाव एकाचं, गच्चीवरची पेटी दुसऱ्याची, पैसे जातात तिसऱ्याच्या वैयक्तिक मोबाइल नंबरवर. पूर्वीचा केबलवालाच आता इंटरनेटवाला झाला, त्यात गैर काही नाही. त्यानेच आमच्या गल्लीबोळांत फायबर आणली, हे आम्ही विसरत नाही. पण बिघाड झाला की कंपनी म्हणते 'लोकल ऑपरेटरला विचारा', आणि ऑपरेटर म्हणतो 'कंपनीकडून माल असाच येतो'. कायद्यात या टोलवाटोलवीला थारा नाही. ज्याने पैसे घेतले तो आणि ज्याच्या नावाने सेवा विकली गेली तो, दोघांनाही आम्ही तक्रारीत विरुद्ध पक्ष करणार.

आता कायद्याकडे येतो, कारण आमची खरी ताकद तिथे आहे आणि बहुतेकांना ती माहीत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत त्याने दूरसंचार सरळ नाव घेऊन घातलं. त्याआधी कंपन्यांकडे एक ढाल होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की टेलिफोनच्या वादाला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातली लवादाची तरतूद लागू आहे, ग्राहक मंचात जाता येणार नाही. पुढची बारा-तेरा वर्षं तो निकाल तोंडावर फेकून किती ग्राहकांना परत पाठवलं गेलं असेल! अखेर अहमदाबादचा एक मोबाइल ग्राहक चोवीस हजारांहून जास्त आलेल्या बिलासाठी भांडत राहिला आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाचं म्हणणं फेटाळून सांगितलं की दूरसंचार ग्राहकाला ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, १९८६ च्या जुन्या कायद्याखालीसुद्धा होता. कोणाही वकिलाने आता ती जुनी ढाल काढली तर तारखेसकट हा निकाल दाखवा.

त्याच कायद्यातली सेवेतल्या त्रुटीची व्याख्या प्रत्येक ग्राहकाने एकदा वाचावी. करारात कबूल केलेल्या दर्जात कोणतीही उणीव म्हणजे त्रुटी, हे तर आहेच. २०१९ मध्ये त्यात आणखी एक गोष्ट आली: संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटी. आमचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं राहू शकतं. हा डबा शंभरच्या पुढे जात नाही हे कंपनीला माहीत आहे, कारण तिनेच तो घाऊक भावात उचलला. ग्राहकाला ती दोनशेचा प्लॅन विकते आणि डब्याबद्दल गप्प बसते. याला माहिती दडवणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

'राऊटर फुकट दिलाय, फुकटच्या वस्तूची तक्रार कसली' हा युक्तिवाद आम्ही ऐकलाय. फुकट काही नसतं. प्लॅनच्या पैशात, डिपॉझिटमध्ये, सहा महिन्यांच्या आगाऊ रकमेत त्याची किंमत वसूल झालेली असते. आणि सेवा पोहोचवायला जे यंत्र लागतं ते त्या सेवेचाच भाग आहे. पावती न देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू किंवा त्रुटीची सेवा पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, मागे घेऊन पैसे परत न करणं हीसुद्धा. अवाजवी अनामत, करार मोडल्याने झालेल्या नुकसानीशी मेळ नसलेला दंड, कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क असल्या अटी 'अनुचित करार' या सदरात येतात; त्यांच्याविरुद्ध मात्र जिल्हा आयोगाकडे दाद मागता येत नाही, मुंबईच्या राज्य आयोगाकडे जावं लागतं.

बाकीच्या बहुतेक तक्रारींना ठाण्याचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. तिथे ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणं चालतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लागत नाही. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असो की हैदराबादला, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार दाखल करता येते. पूर्वी पुष्कळदा कंपनीच्या गावाला जावं लागे, तो त्रास २०१९ च्या कायद्याने संपवला. तक्रार घरबसल्या संगणकावरून दाखल करण्याची सोयही आहे. (ती सोय वापरायला चालू इंटरनेट लागतं, हा विनोद आम्ही केलेला नाही.)

आयोगाच्या आधीची पायरी टाळू नका. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. तिथे पत्रं लिहून लोक कंटाळतात. पण ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी मोठ्या पुरवठादारांना दोन पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिली तक्रार केंद्राची. तिथून क्रमांक मिळालाच पाहिजे. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, आणि त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा आहे. अपील विनामूल्य आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते, आणि पुष्कळदा नुसत्या त्या नोंदीने कंपनीचा सूर बदलतो.

वेगाच्या बाबतीत नियमांची एक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ब्रॉडबँड म्हणजे किती वेग, याची सरकारी व्याख्या २००४ साली २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. म्हणजे तुमच्या दोनशेच्या प्लॅनवर तीन येत असले तरी व्याख्येपुरतं ते ब्रॉडबँडच. म्हणून भांडण व्याख्येवर नको, करारातल्या आकड्यावर करायचं. ट्रायच्या २००६ च्या गुणवत्ता नियमांत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग ग्राहकापर्यंत पोहोचला पाहिजे असं होतं, आणि तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त बिघाड राहिला तर सात दिवसांचं भाडं परत, सातपेक्षा जास्त राहिला तर पंधरा दिवसांचं, पंधरापेक्षा जास्त राहिला तर महिन्याचं. किती जणांच्या बिलात ही वजावट दिसली, ते सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारून पाहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे गुणवत्ता नियम लागू झाले आहेत. पण जुन्या काय आणि नव्या काय, नियमांची नजर लाइनवर असते. हिरवा दिवा लागलेला असला की लाइन चालू, आणि लाइन चालू की बिघाड नाही. डबा जुनाट असणं हा बिघाडच धरला जात नाही. ही फट बुजवून घेणं हे या चळवळीचं मोठं काम आहे.

सुरक्षेचं तर कोणी नावच काढत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर काबीज केले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नाही म्हणून. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए-टू या कुलपातच त्रुटी सापडली. ती सॉफ्टवेअर अद्ययावत करून बुजवायची होती. आमच्या भिंतींवरच्या किती डब्यांना असं अद्ययावत सॉफ्टवेअर कधी मिळालं? उत्पादकाने ज्याचं सॉफ्टवेअर देणं बंद केलं, असा डबा घरात ठेवून त्यातून पेन्शनचे, बँकेचे, आयकराचे व्यवहार करायला लावणं म्हणजे ग्राहकाला उघड्यावर सोडणं आहे. वेगाचं एक वेळ सहन करता येईल, याचं येणार नाही.

'ग्राहकाने स्वतःचा राऊटर लावायचा? असं कुठे असतं का?' असतं. आपल्याच गावात होतं. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा कल्याण-डोंबिवलीत मोडेम भाड्याने घ्या किंवा विकत घ्या, असे पर्याय होते, आणि बाजारातून स्वतःचा आणून लावणारेही होते. खाडीच्या अलीकडे ठाण्यात एमटीएनएल होतं. सरकारी सेवेला नावं ठेवणं सोपं आहे, पण यंत्र कोणाचं या प्रश्नावर ती आजच्या खासगी सेवेपेक्षा उदार होती. विजेचं पाहा. वीज कायदा, २००३ चं कलम ५५ सांगतं की अचूक मीटर बसवणं ही वीज कंपनीची जबाबदारी, आणि ग्राहकाला हवं तर तो स्वतः मीटर विकत घेऊ शकतो. ज्या यंत्रावर बिल ठरतं ते ग्राहक आणू शकतो, आणि वायफायचा डबा आणला तर 'सिस्टीमला चालत नाही'!

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे: राऊटर ग्राहकाच्या पसंतीचा, आणि जोडणीचे संकेतशब्द ग्राहकाने न मागताही कंपनीने द्यायचे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाने आपल्या पसंतीचं यंत्र वापरण्याचा हक्क सगळ्या सदस्य देशांतल्या ग्राहकांना दिला. अमेरिकेत तर १९६८ मध्येच तिथल्या दूरसंचार आयोगाने टेलिफोन कंपनीला बजावलं होतं की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला बाहेरचं यंत्र जोडण्यापासून अडवता येणार नाही. तरीही पन्नास वर्षांनंतर तिथल्या काही कंपन्या ग्राहकाने स्वतः आणलेल्या राऊटरचंही भाडं उकळत होत्या. ते बंद करायला २०१९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. कायदा झाला म्हणून कंपन्या सुधारतात असं नाही, त्यांच्या मागे कायम लागावं लागतं.

आणि मागे लागलं नाही तर काय होतं, तेही आम्ही पाहिलंय. ३१ मार्च २०१३ ही कल्याण-डोंबिवलीत केबल डिजिटल करण्याची मुदत होती. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. कंपनी बदलली की बॉक्स निकामी. एकाचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही. कोणत्याही कंपनीचा बॉक्स कुठेही चालला पाहिजे, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. तोवर आमच्या माळ्यांवर निकामी बॉक्सची रास लागली होती. राऊटरचं तेच होऊ द्यायचं नाही.

महाराष्ट्रात ग्राहकाने संघटित होणं नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. संसदेने कायदा केला १९८६ मध्ये, म्हणजे चळवळ आधी आणि कायदा नंतर. रेल्वे प्रवाशांच्या संघटना तर आमच्याकडे स्टेशनागणिक आहेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तेवढा धीर आमच्यात आहे. पण खाडीवर पूल बांधायला लागतो तेवढा वेळ एक डबा बदलायला लागू नये.

तेव्हा आमचं म्हणणं असं. जोडणी देताना पावतीवर यंत्राचं मॉडेल, बनल्याचं साल, पट्टे किती आणि पोर्टचा वेग किती हे छापा. यंत्र वापरलेलं असेल तर तसं लिहा आणि त्याचे पैसे कमी घ्या. प्लॅनचा वेग वाढवाल तेव्हा जुनं यंत्र तो वेग पेलतं का हे आधी पाहा. पेलत नसेल तर वाढीव पैसे घेण्याआधी यंत्र बदला. वेगाची तपासणी तारेवर करा तशी त्याच खोलीत वायफायवरही करा आणि दोन्ही आकडे तक्रारीच्या नोंदीत लिहा. ज्या यंत्राला सुरक्षेचं अद्ययावत सॉफ्टवेअर मिळणं थांबलंय ते विनाशुल्क बदला, ग्राहकाने मागितलं नसलं तरी. स्वतःचं यंत्र लावणाऱ्याला युजरनेम, पासवर्ड आणि लागतील त्या सेटिंग द्या. कंपनीचा फायबरचा डबा ठेवणं तांत्रिकदृष्ट्या गरजेचं असेल तर तो नुसता पुलासारखा चालेल असा करून द्या. जोडणी सोडताना यंत्र परत घेतल्याची पोच जागेवरच द्या आणि अनामत अडवू नका. काढून आणलेले जुनाट डबे पुढच्या घरात टांगू नका, ई-कचऱ्याच्या रीतसर साखळीत पाठवा. त्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

सोसायट्यांच्या समित्यांनाही आमचा एक शब्द आहे. एकाच कंपनीला इमारतीत प्रवेश देऊन बाकीच्यांना गेटवर अडवू नका. सभासदाला दुसरीकडे जाण्याची वाट असली तरच पहिली कंपनी नीट वागते. इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम ट्रायने २०२४ मध्ये केले आहेत. नव्या गृहसंकुलात घर घेणाऱ्यांनी बिल्डरला त्याबद्दल विचारायला सुरुवात करावी.

ग्राहकांनाही काही पाळावं लागेल. पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत, मग ऑपरेटर कितीही ओळखीचा असो. तक्रार फोनवर सांगून सोडायची नाही, क्रमांक घ्यायचा. चाचणी डब्यापासून दोन हातांवर, नव्या फोनवर करायची. स्वयंपाकघराच्या पलीकडच्या बाल्कनीतून वेग मोजून कंपनीला शिव्या देणारा ग्राहक आयोगात हरतो आणि पुढच्या दहा जणांची वाट बिघडवतो.

आम्ही काय करणार? घराघरातल्या डब्यांची इमारतवार नोंद करणार: मॉडेल, साल, प्लॅन, मिळणारा वेग. एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या डब्याचे पुरेसे ग्राहक जमले की समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्रित तक्रार करण्याची जी तरतूद कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे, तिच्याखाली जिल्हा आयोगाची परवानगी मागणार. पुरवठादार आणि ग्राहकांचा गट यांच्यातला वाद ऐकण्याचा अधिकार दूरसंचार लवादाला, टीडीसॅटला आहे. गरज पडली तर दिल्लीलाही जाणार. अनेकांची एकसारखी फसवणूक असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे नेणार. 'अप टू' अमुक स्पीड म्हणणाऱ्या जाहिराती जपून ठेवणार. मोठ्या अक्षरातला दावा खालच्या बारीक अक्षरातल्या खुलाशाने फिरवता येत नाही, असं या प्राधिकरणाने जून २०२२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

चळवळीला अजून नाव नाही, अध्यक्ष नाही, लेटरहेड नाही. आमच्या शहरांत नाव आणि पदं ठरवण्यातच संपलेल्या संघटना आम्ही पुष्कळ पाहिल्या. फ्लेक्सवर फोटो लावून 'आपल्या प्रयत्नांना यश' म्हणणाऱ्यांनी कृपया यश येईपर्यंत थांबावं. कोणत्याही कंपनीकडून, ऑपरेटरकडून किंवा राऊटर विकणाऱ्याकडून आम्ही पैसे घेणार नाही, आणि अमुकच राऊटर घ्या असंही सांगणार नाही.

ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांनी लेबलाचा फोटो, शेवटची पावती आणि तक्रार क्रमांक घेऊन आपल्या इमारतीतल्या किंवा चाळीतल्या आमच्या प्रतिनिधीला भेटावं; प्रतिनिधी नसेल तर स्वतः व्हावं. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ज्यांची दोन वर्षं भरत आली आहेत त्यांनी आधी यावं.